पानेकाकांचा आणखी एक पीळ

आमच्या शेजारचे काका वस्तू बंद करत नाहीत, आवळतात. म्हणून मी त्यांना पानेकाका म्हणायला लागलो. आता अख्खी इमारत म्हणते. खिशात रुमाल नसला तरी चालेल, पाना हवाच. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला दोन माणसं लागतात. बरण्या उघडून घ्यायला काकू आमच्याकडे येतात आणि झाकण निघालं की माझ्या बायकोला म्हणतात, तुझं बरं आहे बाई, तुझा नवरा कशालाच हात लावत नाही. हे कौतुक की टोमणा, मी विचारलेलं नाही.

यंदा त्यांच्या एसीने सगळ्यांचं डोकं खाल्लं. लेक दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला येणार होती. नातवाला काकांनी अजून फोनवरच पाहिलेलं. पण बाळाच्या अंगभर घामोळं उठलेलं, त्यामुळे खोली गार नसेल तर येणार नाही, असं तिने साफ सांगितलं होतं. आणि एसीतला गॅस काही टिकेना. मेकॅनिक यायचा, भरायचा, खोली गारेगार. चार दिवसांत पुन्हा भट्टी. काका त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि त्याची पाठ वळली की गॅलरीतल्या युनिटपाशी बसून तांब्याच्या नळीचा नट आणखी एक पीळ आवळायचे. त्या पोराच्या मनगटात जोरच नाही, हे मला कठड्यावरून रोज ऐकावं लागे.

लेक उद्या निघणार आणि एसी पुन्हा नुसता घरघरतोय, अशा वेळी काकू गॅलरी पुसत होत्या. नटाखालचा तेलकट डाग पुसला तरी परत येतोय, हे त्यांनी हेरलं. भांड्यांच्या साबणाचा फेस करून त्यांनी नटावर थापला. फेसाला भराभर बुडबुडे आले. काकूंनी हाक काकांना मारली, पण पोचलो मी आधी. असले प्रसंग मी चुकवत नाही. मागोमाग काका आले.

"अहो, हा नट कोणी आवळला?"

"थोडासाच."

"माझ्या बरण्यांची झाकणंही थोडीशीच तडकतात."

मेकॅनिकने नट काढला, तर आतलं नळीचं तोंड आवळून आवळून चिरलेलं. त्याने तेवढा तुकडा कापून नवं तोंड केलं, जोडलं आणि गॅस भरला. काका म्हणाले, अजून एक पीळ देऊ का. काकूंनी त्यांच्या हातातून पाना काढून माझ्या हातात दिला आणि बजावलं, लेक असेपर्यंत मागितला तरी द्यायचा नाही.

लेक आली. खोली गार होती. काकांनी नातवाला उचललं, पण इतकं अलगद की जणू आवळला तर तोही चिरेल. बाळ हातांतून घसरायला लागलं.

"अहो, जरा घट्ट धरा की त्याला!" काकू म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू 'घट्ट' हे काकूच म्हणाल्या याला साक्षीदार मीच.