पाणी फक्त गुरुवारी

नागोयाच्या आमच्या भागात नवं दुकान उघडलं, की दारात मांडलेल्या अभिनंदनाच्या फुलांवर शेजारच्या बायका तुटून पडतात. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. फुलं जितकी लवकर संपतील तितकं दुकान चालेल, असं आम्ही सगळेच धरून चालतो. फुमिए हिबिनोनं साठीला टेकता टेकता स्वतःचं कॉफीचं दुकान काढलं, त्या सकाळी पहिला टोस्ट भाजून होईपर्यंत दारातले फुलांचे दोन्ही स्टँड बोडके झाले होते. फुमिए खूश होती. एवढ्यात शेजारच्या त्सुने आजींचा हात आत काउंटरवरच्या पांढऱ्या ऑर्किडकडे वळला. फुमिएनं हातातली किटली टेकवली आणि धावत जाऊन कुंडीला मिठीच मारली.

"हे नाही हं आजी. हे कुंडीतलं आहे, हे ठेवायचं असतं."

"एका फुलानं काय मरणार आहे ते?"

"मालकांनी पाठवलंय."

मग मात्र आजींनी हात मागे घेतला. मालक म्हणजे कामिया. स्टेशनमागच्या जुन्या कॉफीच्या दुकानाचे मालक, आणि फुमिएनं उभा जन्म काढला तो त्यांच्या काउंटरमागे. कॉफीवर पाणी कसं धरायचं हे त्यांनीच तिला शिकवलं, तेही ओरडून ओरडून. आधी जरासं ओलं कर. थांब. भुकटी फुगू दे. मग बारीक धार, आणि सगळं खाली उतरेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. घाई केलीस तर कॉफी नाही, भांडी धुतल्याचं पाणी मिळेल. आपल्या मागे हीच आपलं दुकान सांभाळणार हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं होतं. त्यामुळे 'मी स्वतःचं दुकान काढते' म्हणून ती सांगायला गेली, तेव्हा ते "जा" एवढंच बोलले आणि कप पुसत राहिले. त्यानंतर अबोला. उद्घाटनाला त्यांचा पत्ता नव्हता. आलं ते तीन दांड्यांचं भलंमोठं ऑर्किड, त्यांच्या नावाची लाकडी पाटी खोचलेलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

फुमिएनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. मालकांचा राग निवतोय. झाड नीट फुललेलं राहिलं, तर ते एक दिवस आत येतील, बसतील आणि आपल्या हातची कॉफी पितील. बाकी दुकान चालो न चालो, तिला एवढंच हवं होतं. त्यात समोरच्या न्हाव्यानं, ओकुमुरानं, बातमी आणली की मालक रोज सकाळी पलीकडच्या फुटपाथवरून जातात आणि काचेतून कुंडीकडे बघून पुढे होतात. झालं. फुमिए त्या झाडाला बाळंतिणीसारखं जपायला लागली. सकाळी चमच्यानं पाणी, दुपारी चमच्यानं पाणी, आणि दुकान बंद करताना वरचं शेवाळ कोरडं वाटलं तर आणखी थोडं.

पुढे एक पान पिवळं पडलं. मग दुसरं. पाणी कमी पडतंय, असं ओकुमुराचं मत होतं. ओकुमुराला कुठल्याही विषयावर मत असतंच. फुमिएनं मात्र कुंडीभोवतीचा सोनेरी कागद आणि रिबीन सोडली, आणि कागदात साठलेलं पाणी भळाभळा तिच्या पायांवर सांडलं. वास असा, की टोस्ट खाणारे दोघे उठून बाहेर गेले. शेवाळ काढल्यावर कळलं की एक मोठं झाड म्हणून आलेलं ते मुळात तीन निरनिराळी रोपं होती, एका कुंडीत दाटीवाटीनं बसवलेली. त्यातल्या एकाची मुळं कुजून त्यांचा लगदा झाला होता.

आपल्या चार चमच्यांनी एवढं पाणी साठेल कसं, हे तिला कळेना. दुसऱ्या दिवशी ती काउंटरमागून डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. आमच्याकडे कॉफीआधी गार पाण्याचा ग्लास देतात, तो कुणी सहसा संपवत नाही. ओकुमुरानं कॉफी संपवली, उठला आणि ग्लासातलं उरलेलं पाणी जाता जाता कुंडीत ओतलं. त्याच्यामागून त्सुने आजींनी तेच केलं. मग बँकेतल्या त्या लाजऱ्या मुलीनंही. बाई बिचारी कामात असते, झाड तहानलेलं राहायला नको, असा प्रत्येकाचा मायेचा विचार, आणि आपल्यालाच काय ते सुचलं असा प्रत्येकाचा समज. सगळं गाव मिळून त्या झाडाला बुडवत होतं.

फुमिएला रागही आला आणि हसूही. मेलेलं रोप तिनं काढून टाकलं, उरलेली दोन साध्या मातीच्या कुंडीत नव्या शेवाळात लावली, मालकांची पाटी पुन्हा खोचली. मग नळाखाली कुंडी धरली आणि नकळत तिचा हात कॉफीसारखा चालला. आधी जरासं ओलं. थांबली. मग बारीक धार, आणि सगळं खाली निथळेपर्यंत वाट पाहिली. एवढ्या वर्षांचं ओरडणं हातात मुरलेलं होतं, झाडाच्या बाबतीत तेवढं ते आठवलं नव्हतं. तिनं एक पुठ्ठ्याचं लेबल कुंडीला लटकवलं: पाणी फक्त गुरुवारी, आणि तेही फक्त फुमिए घालणार. ओकुमुरा आठवडाभर फुरंगटून बसला. घोटभर पाण्यानं कुणाचं काय वाकडं होतं, असं तो गिऱ्हाइकांची दाढी करताना ज्याला त्याला ऐकवत होता.

रोपं सावरली, पण फुलं ती फुलं. थंडी सरत आली तशी एकेक गळायला लागली. प्रत्येक फुलागणिक फुमिएचा जीव खाली खाली जाई. मालक रोज पलीकडून जात होते, बघत होते, आणि आत काही येत नव्हते. शेवटचं फूल गळालं तेव्हा तिनं ते बशीत उचलून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कामिया केस कापायला ओकुमुराकडे गेले. कात्री चालवता चालवता ओकुमुरानं सहज विषय काढला, की तुमचं ते ऑर्किड गेलं हो शेवटी. गेलं म्हणजे फुलं गेली, पण ओकुमुराच्या लेखी फुलं गेली की झाड गेलंच. कामिया खुर्चीतून उठले, आणि गळ्यात कापड, डावीकडचे केस कापलेले, उजवीकडचे तसेच, अशा अवतारात रस्ता ओलांडून थेट फुमिएच्या दुकानात शिरले.

"मारलंस ना?" ते दारातूनच म्हणाले. "कितीदा सांगितलं असेल तुला पाण्याबद्दल? घाई, सगळ्यात घाई. साधं झाड तुला—"

आणि ते थांबले. काउंटरवर दोन हिरवीगार रोपं बसली होती. त्यांनी शेवाळात बोट घातलं. पानाखाली पाहिलं. तिथून एक नवा कोंब वर येत होता.

"मेलं म्हणाला तो," ते पुटपुटले.

"फुलं गळाली, मालक. रोपं आहेत. एक गेलं, दोन आहेत." "तुम्ही रोज बघत होतात ना. मला वाटलं, फुलं आहेत तोवर याल."

"मी कशाला येतोय?" कामिया वैतागून म्हणाले. "मी मरायची वाट बघत होतो त्याच्या. मेलं असतं म्हणजे ओरडायला आलो असतो. नुसतं कसं यायचं?"

म्हणजे आपण हिवाळाभर जिवापाड जपलं, ते यांचं येणं लांबवायला. फुमिएला हसू फुटलं आणि डोळ्यांना धारा लागल्या, दोन्ही एकदमच. बाहीनं डोळे पुसत तिनं किटली उचलली. कामिया गळ्यातल्या कापडासकट स्टुलावर बसले. तिचा हात कसा चालतो ते त्यांनी बारकाईनं पाहिलं, आणि कॉफी न् टोस्ट पुढ्यात आल्यावर टोस्ट खाल्ला, कॉफी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"टोस्ट जरा जास्त भाजतेस," ते म्हणाले. कॉफीबद्दल काही बोलले नाहीत, आणि फुमिएला एवढं मिळालं तरी भरपूर होतं. दारात ओकुमुरा कात्री घेऊन ताटकळत उभा होता. उठता उठता कामियांनी आपला पाण्याचा ग्लास घेतला आणि उरलेलं पाणी ओतायला कुंडीकडे वळले.

"हात आवरा!" कोपऱ्यातून त्सुने आजी आणि दारातून ओकुमुरा एकदमच ओरडले.

कामियांनी ग्लास खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाले होते. "मग पाणी कुठल्या वारी घालतेस?"

मालकांचं दुकान कुठल्या वारी बंद असतं, हे फुमिएला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"सोमवारी," ती म्हणाली.

गुरुवारचं लेबल मात्र कुंडीवरच लटकत होतं. एवढ्यात त्सुने आजींचा हात पुढे झाला, लेबल खुडलं, आणि उद्घाटनाच्या दिवशी फुलं जशी गेली होती तसंच ते आजींच्या पिशवीत गेलं.

"सोमवारी मला सवड असते," कामिया म्हणाले आणि उरलेले केस कापून घ्यायला निघाले.