ओळंबाबाईंची ओळ

पद: ज्येष्ठ संरेखन अधिकारी. कार्यक्षेत्र: कणांची टक्कर होते त्या जागेभोवतीचं पिंप आणि त्यात बसवलेल्या तेरा हजार चारशे सिलिकॉनच्या चकत्या. कर्तव्य: प्रत्येक चकती नेमकी कुठे आहे, हे केसाच्या दहाव्या भागाइतकं अचूक सांगणे. सवलत: नाही.

हाताखालचे लोक त्यांना ओळंबाबाई म्हणत. तोंडावर नाही, जिन्यात. आणि जिन्यात आवाज घुमतो.

टकरीतून सुटलेला कण चकत्यांवर ठिपके सोडत जातो. ठिपके जोडले की त्याची वाट कळते. चकती सरकलेली असली की वाट चुकते. बाईंनी कोट्यवधी वाटा ताडून पाहून चकत्या एकमेकींशी अशा जुळवल्या, की बोट ठेवायला जागा नाही. गुरुवारी चकत्यांच्या जागांच्या तक्त्यावर सही ठोकली. सोमवारी त्यावरून प्रयोगाचा निकाल जाहीर व्हायचा होता.

शुक्रवारी रजा घेऊन त्यांनी बैठकीच्या खोलीत घरच्यांचे सात फोटो टांगले. पहिला अंदाजाने, पुढचा प्रत्येक आधीच्याला पट्टी लावून. सासूबाई खुर्चीतून मान तिरकी करून बघत होत्या.

"मान दुखतेय का, आई?"

"छे. तुझ्या फोटोंना बरं वाटावं म्हणून."

"एकही फोटो ओळीबाहेर नाहीये."

"नाहीच गं. सगळी ओळच उतरत स्वयंपाकघराकडे निघालीय. तुझे सासरे तर पोचलेसुद्धा."

बाईंचा हातोडा हातातच राहिला. टकरीच्या सगळ्या वाटा मधूनच निघतात. अख्खं पिंप ओल्या कपड्यासारखं पिळलेलं असलं, तरी चकत्या एकमेकींची साक्ष देतच राहणार. घरच्यांचीच साक्ष ती. बाहेरच्या कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या तशाच कामावर गेल्या. "तक्ता परत द्या," त्या साहेबांना म्हणाल्या.

"सही झालीये तुमची."

"म्हणूनच मागतेय."

"सोमवार तोंडावर आलाय, बाई. माझं नाक कापणार का?"

"सोमवारी कापलं, तर चारचौघांत कापलं जाईल."

आकाशातून पडणारे कण मध्य वगैरे काही मानत नाहीत. वरून शिरतात, खालून जातात. बाईंनी त्यांच्या नोंदी काढल्या. एकाच कणाची वरची वाट आणि खालची वाट, पण दोघींचं पटेना. पीळ निघाला अर्ध्या केसाइतका. शनिवार-रविवार बसून तो उलगडला, नवी सही झाली, निकाल वेळेवर गेला.

संस्थेने ज्येष्ठ संरेखन अधिकाऱ्यांना अपवादात्मक अचूकतेबद्दल प्रमाणपत्र दिलं, चौकटीसकट. घरी ते आठवं. सातव्याला पट्टी लावून टांगलंय. तेही स्वयंपाकघराकडे निघालंय.