चंद्याला मारलेली हाक

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायको होती तोवर तिच्याजवळही नाही — आणि ती तर माझ्या तोंडाकडे बघून पोटातलं ओळखायची! आज तुम्ही निवांत बसला आहात, तर बोलून टाकतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. जळगाव जामोदच्या जंगलाचा मी रेंजर. लोकांना वाटे, काय रुबाब आहे! कसला रुबाब हो? शेतकरी म्हणत, तुमची हरणं आमचा हरभरा खातात, मारा त्यांना. गुरंवाले म्हणत, हरणांसाठी राखलेलं कुरण आमच्या ढोरांना मोकळं करा. आणि साहेबलोकांना हिवाळ्यात शिकार हवी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं — अशी ती नोकरी. मी सगळ्यांनाच हो म्हणायचो. समोरच्याच्या कपाळाला आठी पडली की माझ्या तोंडून हो निघालंच.

वरवट बकालला कौसाबाई राहायची. एकटी, विधवा, मळ्यात हरभरा, वांगी-मिरची लावायची. पिकात सापडलेलं काळविटाचं पिल्लू तिनं बकरीचं दूध पाजून वाढवलं. नाव ठेवलं चंद्या. संध्याकाळी बांधावर उभी राहून ती लांबवून हाक मारी — "चंद्याऽ, ये रे राजा, येऽ" — की तो उड्या मारत येई. पण माणसाळलेला नर मोठा झाला की माणसालाच शिंगावर घेतो. चंद्यानं एका म्हाताऱ्याची मांडी फाडली. गाव काठ्या घेऊन उठलं.

"याले तुमच्या कुरनात सोडा जी," ती माझ्या पाया पडत म्हणाली. "इथं मारून टाकतीन त्याले."

मी शब्द दिला. बैलगाडीत घालून नेला, कुरणात सोडलाही. इथपर्यंत मी भला माणूस होतो.

थोड्याच दिवसांत मोठे साहेब दौऱ्यावर आले. कुरण राखायचं की गुरांना खुलं करायचं, हे त्यांच्या हातात. त्यांना मोठ्या शिंगांचा काळवीट हवा होता. सकाळभर कळप लांबूनच उधळत राहिले. साहेब वैतागले. मारायला जनावर नाही, तर कुरण कशाला राखता, म्हणाले.

मी काय केलं? — थांबा, घोटभर पाणी पितो.

मी म्हटलं, साहेब, बंदूक तयार ठेवा. आणि झुडपाआड उभं राहून हाक मारली. तिची हाक. अगदी तिच्यासारखी, लांबवून.

आला हो तो. उड्या मारत आला.

एकाच्या जिवावर बाकीची हरणं वाचली, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. कुरण राहिलंही. पण तेव्हा माझ्या डोक्यात कुरण नव्हतं. साहेबांच्या कपाळाची आठी होती, बस्.

कौसाबाईला सांगितलं, चंद्या कळपात मिसळला. मग दर खेपेला नवी बातमी. आता माद्या त्याच्यामागे फिरतात. आता त्याला पिल्लं झाली. ती ऐकताना अशी फुलायची की मलाच सांगायची गोडी लागली — लाज वाटते, पण लागली. दिवाळीत ती मला भाऊ म्हणून ओवाळू लागली. हरणं तिच्या हरभऱ्यात शिरली तर हाकलेना. "खाऊ द्या जी, त्याच्यात माह्या चंद्याचं लेकरू असन." दरसाल तिचं पीक जाई, आणि मी त्याच बांधावर बसून तिच्या हातची भाकर खाई. खरं काय ते कितीदा ओठांवर आलं! घासाबरोबर गिळलं.

बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. तिनं विचारलं, "भाऊ, तुमच्या हाकेले येते का तो?"

"येतो," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. डोळे भरून हसली. तिला सांगितलेलं तेवढं एकच खरं होतं.