प्रेमिलाचा पाय आणि बळीरामची गोळी

इतवारीजवळच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या-निवडायच्या मोकळ्या जागेवर, दिवसभर देठ खुडणाऱ्या बायकांची एक समजूत होती. नव्या बाईच्या हातांची आग व्हायची थांबली की तिचे हात पक्के झाले. इंदोऱ्याच्या प्रेमिलाचे हात एका हिवाळ्यात असे थंड पडले, तेव्हा शेजारी बसणाऱ्या जिजाबाई म्हणाल्या, "झाले वं बाई तुहे हात पक्के." प्रेमिलाला कोण अभिमान वाटला. मग एकदा तिने चुलीवरचा तवा उघड्या हाताने उचलला, बोटांना फोड आले आणि तिला कळलंसुद्धा नाही. पुढे डावा पाय ओढायला लागला, तेव्हा कुठे घरात घबराट झाली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात मिरचीचा दोष नाही. हा मज्जातंतूंचा आजार आहे. कधी आपोआप उतरतो, कधी पुन्हा उठतो. खात्रीचं औषध अजून कुठेच नाही."

हे शेवटचं वाक्य तिच्या नवऱ्याला, बळीरामला, काही केल्या पचेना. तो कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होता. तिथल्या एका साहेबांना हृदयाचा झटका येऊन गेला होता आणि रक्त पातळ राहावं म्हणून ते रोज ॲस्पिरिन घेत. बळीरामने ताडलं, हिचंही रक्त घट्ट झालंय, पायापर्यंत पोचतच नाही. संध्याकाळी तो गोळ्या घेऊनच घरी आला.

खरी गोष्ट अशी, की त्याच दुपारी प्रेमिलाच्या पायाची मेलेली बोटं आपणहून हलली होती. ती सांगणारच होती. पण दारात उभ्या त्या भल्या माणसाचा उजळलेला चेहरा तिने पाहिला आणि शब्द गिळला. ती गोळ्या घेऊ लागली आणि पाय सुधारत गेला; कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. त्या दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर स्वतःच्या पायांनी गेली. वस्तीत गोळीचं नाव झालं. बळीराम तर लोकांना थांबवून थांबवून सांगायचा.

पुढच्या उन्हाळ्यात पाय पुन्हा जड झाला. बळीरामने एका गोळीच्या जागी दोन दिल्या, दोनच्या जागी चार. अति तिथे माती, हे त्याला कोण सांगणार? प्रेमिलाच्या पोटात आग होई, शौचाला काळं होई आणि ती आपली "बरं वाटते" म्हणत राही. एक दिवस मोरीत चक्कर येऊन पडली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

"पोटात रक्तस्राव झालाय," डॉक्टरीणबाई बळीरामला म्हणाल्या. "ही गोळी हृदयाला उपयोगी पडते, म्हणून या आजाराला लागू पडेल असं नाही. तसा पुरावा कोणाकडे नाही. बंद करा."

"पन मांगच्या साली तं गुन आला होता जी."

"तो आजार तेव्हा आपोआप उतरला असेल."

त्या गेल्यावर प्रेमिलाने खाटेवर पडल्यापडल्या त्याला त्या दुपारी गोळीआधीच बोटं हलली होती ते सांगितलं.

"मले तवाच काहून नाई सांगतलं वं?"

"तुमी इतक्या हौसेनं आनल्या होत्या. तुमचं मन कसं मोडू?"

बळीरामला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटली होती. तो तिला स्वतःच्या हाताने मरणाकडे नेत होता आणि ती त्याचं मन राखत होती. "मोडलं असतं तं जोडलं असतं," तो म्हणाला. "तू गेली असती तं?"

घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्याने विचारलं, "पाय कसा हाय?"

सवयीचं उत्तर प्रेमिलाच्या ओठांवर आलं होतं. ते मागे सारून ती म्हणाली, "आज उचलतच नाई."

"बरं केलं, सांगतलं," बळीराम म्हणाला, आणि तिचा हात त्याने आपल्या खांद्यावर घेतला.