वाघचौऱ्याचा कंद

माझा थोरला भाऊ खानापूरला जंगल खात्यात कारकून होता. लढाईच्या काळात एका श्रावणात तो मला भेटायला निपाणीला आला, तो ओल्या गोणपाटात मातीसकट दोन झाडं गुंडाळूनच. एकाला पांढरीशुभ्र, झालरीच्या पाकळ्यांची मोठी फुलं होती.

"हा वाघचौरा," तो म्हणाला. "दुसरं कुठलं ते पानावरनं कळत न्हाय. फुललं की सांगतो."

आमचं घर जैन. कंदात जीव असतो म्हणून कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे. झाडांच्या मुळाशी कंद आहेत हे ऐकून आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "खायाचं हाय काय?"

"न्हाय आत्ती, फुलासाठी," मी म्हणाले.

"मग परसात ठेव."

फुटक्या मडक्यांची बुडं मी कुंड्या म्हणून घेतली. तळाला खापऱ्या, वर वाळू कालवलेली माती. दिवाळीनंतर दोन्ही झाडं पिवळी पडून वाळली. कंद कुजले की काय, बघायला मी खुरपं घेतलं, तर आत्तींनी हात धरला.

"आत जीव असंल तर उगंच मरंल. ऱ्हाऊ दे."

कुंड्या त्यांनीच कोरड्या वळचणीला सरकवल्या. मला राग आला होता. उन्हाळाभर मी तिकडं फिरकले नाही.

पावसाळा लागल्यावर दोन्हींत कोंब दिसले. भादव्यात वाघचौरा फुलला. दुसऱ्याला बारीक हिरवट फुलं आली. भाऊ आला, त्यानं दोन्ही फुलांमागची लांब शेपटी दाखवली. "दोघं भाऊबंदच. ह्या धाकट्याला आमच्याकडं नाव न्हाय. उन्हाळ्यात माती बदला मात्र."

"म्हंजे उकरायचं?" आत्ती म्हणाल्या.

"जुना कंद आपसूक सुकतो आत्ती, शेजारी नवा धरतो. तो अलगद उचलायचा."

फाल्गुनात मी वाघचौऱ्याची कुंडी उपडी केली, तेव्हा आत्ती पाट घेऊन शेजारी बसल्या. सुरकुतलेलं एक साल आणि त्याला लागून घट्ट, पांढरा कंद निघाला. त्यांनी तो तळव्यावर घेतला.

"जुन्याला कुणी मारलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

मग नव्या मातीत तो त्यांनीच ठेवला.

हिरव्या फुलाचा कंद त्याच उन्हाळ्यात वाळवीनं खाल्ला. वाघचौरा टिकला. पुढं यजमानांच्या नोकरीपायी आम्ही बेळगावात, खासबागेत बिऱ्हाड केलं, तेव्हा तो मी बरोबर नेला. आत्ती निपाणीतच राहिल्या. भादव्यात तिकडं जाणारं कुणी भेटलं, की फूल आल्याचा निरोप मी त्यांना धाडत असे.