तिसऱ्या रांगेतले दोन श्वास

कमलताईंचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या, तर पाचव्या दिवशीच मी नाशिकहून गडचिरोलीकडच्या आमच्या वडशाला परतलो असतो आणि घरी काहीतरी खोटं सांगितलं असतं.

नागपूरहून निघालेल्या बसने सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात उतरवलं. चहूबाजूंनी गाड्या, ओळखीचा चेहरा एकही नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, "गंगापूर रोडला जायचं होतं जी."

"जी-बी राहू द्या, बसा!"

दुपारपर्यंत माझ्याशी कोणी बोललं ते एवढंच.

कमलताई पस्तीस वर्षं संगीतिकांचा (संवादही गाऊनच म्हणायचं नाटक) कोरस बसवतात. गुडघे गेलेत, म्हणून मदतनीस हवा होता. आमच्याकडच्या नाटकात त्यांनी मला ऐकलं होतं. आठ दिवस येऊन बघ म्हणाल्या. मी आठवीतून शाळा सोडलेला. स्वरलिपी (सुरांची लिखावट) वाचता येत नाही, हे सांगायचं धाडस झालं नव्हतं.

पहिल्या तालमीत उघड्या मैदानाच्या सवयीने गायलो. कोरसमधल्या सटाण्याच्या विमलबाईंनी कानांवर हात ठेवले. "भाऊ, मन्ही म्हस बी इतली जोरमा वरडत नही!" सगळे हसले. मीही हसलो. जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) पुढे सरकवली. रात्रीचं मी खोलीवर एकटाच जेवायचो. बायकोला फोनवर "मजेत आहे" म्हणायचो आणि लवकर ठेवायचो.

गाणी मोबाईलवर ऐकून पाठ केली होती. पाचव्या दिवशी ताई म्हणाल्या, "मधल्या ओळीपासून तू घे." कागद हातात, आणि ओळ सापडेना. मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत तिथवर पोचायचा प्रयत्न केला. तीस माणसं थांबलेली. शेवटी म्हणालो, "ताई, मला हे वाचता येत नाही."

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

ताईंनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि कोरसला एक लांब सूर धरायला लावला. असा सूर तुटू नये म्हणून प्रत्येकाने वेगळ्या क्षणी श्वास घ्यायचा असतो.

"कुठे फाटतोय?"

"तिसऱ्या रांगेत. विमलबाई आणि त्यांच्या शेजारच्या बाई एकदमच श्वास घेतात."

"सापडनूत वं बाई!" मागून विमलबाई ओरडल्या.

आठव्या दिवशीच्या प्रयोगाला एका विंगेत ताई, दुसऱ्या विंगेत मी, हाताने कोरसला खुणा करत. टाळ्या पडद्यापलीकडे वाजल्या.

निघताना ताई स्पष्ट बोलल्या. "कान आहे, पण नुसत्या कानावर नाही भागत. लिपी शिकून ये. दिवाळीपर्यंत ही जागा कोणाला देत नाही."

"पण तुमचे गुडघे?"

"ते येतात माझ्याबरोबर तालमीला. तुला काय त्रास?"

मी विचारलं, समोरून कोरस कसा वाटला असेल? त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? पस्तीस वर्षं विंगेतच गेली. समोर बसून एकदाही ऐकला नाही."

आता वडशात पेटीमास्तरांसमोर बसून लिपी गिरवतो. लाज वाटते, चुकतो, पुन्हा लिहितो. नाशिकला फार एकटं वाटलं, ते खरंच. पण माझ्यासाठी कोणी जागा रिकामी ठेवावी, असं याआधी कधी झालं नव्हतं.

ताई, एका प्रयोगाला दोन्ही विंगा मी सांभाळीन. तुम्ही समोर, मधल्या खुर्चीत बसायचं.