देवस्थळी सरांची इंटरनेट-शिस्त

श्यामकांत देवस्थळी मूळचे कराडचे. चंदीगडच्या विद्यापीठात बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते, आणि या बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ हे शब्द कुणी ऐकले नव्हते. शेजारच्या ढिल्लों बाईंना सरसोंचा साग कसा घोटावा, हेसुद्धा ते सांगून आले होते.

गेल्या फेब्रुवारीत त्यांची नजर माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेली.

“इंटरनेट कंपनीचा राउटर म्हणजे चोराच्या हाती तिजोरीची किल्ली,” त्यांनी जाहीर केलं. “आता हा आपला राउटर. घरातलं सगळं इंटरनेट याच्यातूनच जाणार.”

“अहो, पण आहे ते चाललंय ना?” लीनाताई म्हणाल्या. त्या भूलतज्ज्ञ, माणूस कधी शुद्धीवर येईल, याचा त्यांना चांगला अंदाज असे. नवऱ्याच्या बाबतीत मात्र तो नेहमी चुकायचा.

मनीमाजऱ्याच्या बाजारातून सरांनी घासाघीस करून एक जास्तीचं नेटवर्क कार्ड आणलं. कॉम्प्युटर पुसून त्यात राउटरचं सॉफ्टवेअर घातलं, वायफायचा एक डबा जोडला आणि सगळं कंपनीच्या राउटरच्या पुढं बसवलं. नव्या वायफायला नाव दिलं ‘शिस्त’. पहिले चार दिवस शिस्त दर अर्ध्या तासानं कोलमडत होती. पाचव्या दिवशी ती उभी राहिली आणि सरांची छाती फुगली.

दर रविवारी त्या कॉम्प्युटरमधून अहवाल निघे. घरातून कुठल्या साइटवर किती वेळ, सगळं त्यात यायचं, फक्त कुणी ते नसायचं. सर तो फ्रिजच्या दारावर चिकटवत.

“रोज साडेतीन तास व्हिडिओ!” ते मुलीवर कडाडले. “ज्ञानदा, परीक्षा तोंडावर आलीये!”

“पापा, मैं इतना देखती ही नहीं,” ज्ञानदा म्हणाली.

“आकडे खोटं बोलत नाहीत.”

दोन महिने हे चाललं. ज्ञानदानं बापाशी बोलणं तोडलं. लीनाताईंनी एकदा “तिच्यावर विश्वास ठेवा की” म्हटलं, तर सरांनी विश्वास आणि पुरावा यांतला फरक त्यांना जेवण संपेपर्यंत समजावला.

एप्रिलमध्ये सरांनी चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळातल्या आठ-दहा माणसांना चहाला बोलावलं. निमित्त अर्थातच राउटर. मोहालीतल्या आयटी कंपनीतला अंबरीशही त्यांत होता. सर बोलत होते आणि अंबरीश स्क्रीनकडे बघत होता.

“सर, घरात उपकरणं किती आहेत?”

“सात. का?”

“इथं एकच दिसतंय. पहिल्या आठवड्यापासून एकच. ‘श्यामकांत-फोन’.”

सगळ्यांच्या माना स्क्रीनकडे वळल्या.

ज्ञानदा दारातच उभी होती. “पहले हफ्ते में बार-बार बंद हो रहा था ना? तो मैंने पापा का फोन छोड़के बाकी सब पुराने वायफाय पे कर दिया. पापा ने वो बंद ही नहीं किया था.”

“म्हणजे रोज साडेतीन तास...” कुणीतरी सुरुवात केली आणि शहाणपणानं थांबलं.

लीनाताई थांबल्या नाहीत. “साप पकडायचे व्हिडिओ. बाथरूममध्ये फोन नेतात. मी आपली समजत होते, पोट बिघडलंय.”

सरांना त्या क्षणी खरंच धक्का बसला होता. दिवसाला फार तर दहा मिनिटं बघतो, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच होता. मग ते ज्ञानदाकडे वळले. आता माफी मागणार, असं सगळ्यांना वाटलं.

“मला न विचारता सेटिंग बदललंसच कसं?” सर म्हणाले.

ज्ञानदा आत निघून गेली. लीनाताईंनी फ्रिजवरचे आठही अहवाल काढून कचऱ्यात टाकले, आणि पाहुण्यांना विचारलं, “आणखी चहा घेणार का?”

सरांनी कॉम्प्युटर काढला नाही, फक्त नोंदी ठेवणं बंद केलं. पुढच्या महिन्यात मंडळात त्यांचं व्याख्यान झालं. विषय होता, ‘खासगीपण: प्रत्येकाचा मूलभूत हक्क’. दीड तास बोलले. समोर बसलेल्या अंबरीशकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.